वाघाच्या वाटेशेजारून

डिसेंबर २०२३ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात लावलेल्या एका कॅमेऱ्यापुढून एक नर वाघ गेला. अंगावरचे पट्टे जुन्या फोटोंशी ताडून पाहिले तेव्हा गडी ओळखीचा निघाला. २०२२ मध्ये तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीत टिपला गेला होता. मधले शंभरेक किलोमीटर त्याने गावे, शेते आणि डांबरी रस्ते चुकवत एकट्याने कापले होते. वनखात्याने पुढे त्याला ‘सेनापती’ हे नाव दिले.

साताऱ्याच्या जावळी खोऱ्यापासून सांगलीच्या शिराळा तालुक्यापर्यंत पसरलेल्या ज्या रानासाठी वाघ इतकी पायपीट करतो, त्याच्या कडेकडेने एक रस्ता जातो. एक असे म्हणायचे, खरे तर पाच-सहा रस्त्यांचे तुकडे जोडून तो बनवावा लागतो. लडाखसाठी वर्षभर पैसे साठवणारी, सॅडलबॅगा मागवणारी कराड-सांगलीकडची पोरे या रस्त्याने फार तर पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी धबधब्यापर्यंत जातात, भिजतात, भजी खातात आणि परततात. साताऱ्याहून निघून कास, चाळकेवाडी, कोयना, चांदोली, सागरेश्वर आणि मायणी असा पूर्ण फेरा एकट्याने, चार-पाच दिवस हाताशी ठेवून मारणारा विरळाच. पाच हजार मिलिमीटर पावसाच्या रानातून निघून पाचशे मिलिमीटरच्या माळावर पोचण्याची सोय एवढ्या छोट्या फेऱ्यात दुसरीकडे सहसा मिळत नाही.

आधी त्या रानाचा हिशेब. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान एकत्र करून जानेवारी २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. एकूण क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. त्यातले ६०० गाभा आणि उरलेले बफर. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत ते विभागले आहे. पुढे २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्यातली महाराष्ट्राची चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पहिली तिन्ही या फेऱ्यात येतात.

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढला की पंचवीस किलोमीटरवर कास. उंची सुमारे १२०० मीटर, खाली जांभ्याचा कातळ आणि वर मातीचा जेमतेम थर. या मातीत कस नाही, म्हणून इथल्या काही वनस्पतींनी किडे खाऊन पोट भरण्याची युक्ती काढली. सीतेची आसवे हे निळेजांभळे नाजूक फूल त्यातलेच. मुळाशी असलेल्या इवल्या पिशव्यांत ते पाण्यातले जीव पकडते. दवबिंदू तर पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरतो. साताऱ्याचे नाव शास्त्रीय नावातच मिरवणारा वायतुराही इथलाच. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तेरडा, सोनकी, गेंद अशी पाळी लागते आणि टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदाच फुलते. या काळात रोजच्या पर्यटकांवर मर्यादा असते, आगाऊ नोंदणी करावी लागते. दुचाकीवाल्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण दर हंगामात ती कोणीतरी विसरतो. पठारावर चाक घालायचे नाही. एका टायरने खरवडलेला तो मातीचा थर पुन्हा जमायला किती पावसाळे लागतील, याचा अंदाज कातळाकडे पाहूनच येतो.

कासचा तलाव मागे टाकून रस्ता बामणोलीला उतरतो आणि शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याशी येऊन संपतो. पलीकडे कोयना अभयारण्य सुरू. वासोट्याला जायचे तर इथेच वनखात्याची परवानगी काढून लाँच धरायची. गाडी काठावर राहते आणि अंधार पडायच्या आत परतायचे असते. या किल्ल्याचे दुसरे नाव व्याघ्रगड. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस ताई तेलीण नावाच्या बाईने पेशव्यांचा सरदार बापू गोखले याच्याविरुद्ध तो काही महिने झुंजवला, तेव्हाही या रानात उतरणे सोपे नव्हते. थोडे वर तापोळ्याकडे गेल्यास तराफ्यावर गाडी चढवून पाणी ओलांडता येते. दोन जीप, चार मोटारसायकली, एखादी म्हैस आणि बाजार करून परतणारी माणसे एकाच लोखंडी फळीवर उभी. स्टँड लावला तरी एक हात हँडलवर ठेवावा, आणि दुसऱ्या काठाला लागल्यावर चढावर पहिला गिअर पडेपर्यंत मागच्याला थोपवावे, हे शहाणपण तिथे कोणी सांगत नाही. बघून शिकावे लागते.

पुन्हा साताऱ्याकडे येऊन सज्जनगडाच्या पायथ्याने ठोसेघर आणि तिथून चाळकेवाडी. धबधब्याची गर्दी मागे पडली की पठारभर पवनचक्क्या. गेल्या पंचवीसेक वर्षांत त्या पाटण तालुक्यापर्यंत पसरत गेल्या आणि त्यांच्याबरोबर जेसीबीने फोडलेले कच्चे रस्तेही. एकट्या मोटारसायकलवाल्याला हे रस्ते मोह घालतात. कोणता कड्याला जातो आणि कोणता एखाद्या चक्कीच्या बुंध्याशी थांबतो, हे वरून समजत नाही. धुके उतरले तर पुढचे चाक दिसेनासे होते. अशा वेळी हेडलाइटचा हाय बीम लावला की समोर पांढरी भिंतच उभी राहते, म्हणून लो बीमवर, दुसऱ्या गिअरमध्ये, रस्त्याची डावी कड नजरेत धरून सरकत राहायचे. आडवा वारा गाडीला ढकलतो तो वेगळाच. पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या केलेल्या नाहीत.

पाटणहून कोयनानगर ही सरळ चाल. गुहागर-चिपळूण-कराड-विटा असा विजापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो आणि ट्रकांची रांग कुंभार्ली घाटाकडे निघालेली असते. हेळवाकला तो सोडून कोयनानगरकडे वळायचे. १०३ मीटर उंचीचे धरण, १०५ टीएमसीचा जलाशय, सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला उतरवलेले पाणी आणि त्यावर फिरणारी जनित्रे : महाराष्ट्राच्या विजेचा इतिहास लिहायचा तर या खोऱ्यापासून सुरुवात करावी लागते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे दगावली. आजही या भागातली जुनी माणसे वय सांगताना ‘भूकंपाच्या आधीचा’ किंवा ‘नंतरचा’ असे सांगतात. पुढे नवजाच्या अंगाला ओझर्डे धबधबा. नवजाचा पाऊस महाबळेश्वरशी स्पर्धा करतो. जुलैमध्ये रेनकोट घालूनही माणूस आतून कोरडा राहील ही आशा सोडावी.

जंगल मात्र या सगळ्याच्या पलीकडे, पाण्याच्या त्या काठाला. रस्त्यावरून दिसते ती त्याची किनार. तरी किनारीवरही पुष्कळ घडते. सकाळी सहा-साडेसहाला, उन्हे यायच्या आत, इंजिन बंद करून पाच मिनिटे उभे राहिले की आधी गरम सायलेन्सरची टकटक तेवढी ऐकू येते, मग ती थांबते. त्यानंतर शेकरूचा खडखडाट झाडाच्या शेंड्यावरून येतो, कधी भेकर कुत्र्यासारखे भुंकते. भेकर भुंकायला लागले की जवळपास बिबट्या किंवा रानकुत्री असण्याची शक्यता असते, असे वनमजूर सांगतात. चारचाकीच्या बंद काचांमागे यातले काही पोचत नाही. दुचाकीचा फायदा तो एवढाच, आणि तो इंजिन बंद असतानाच मिळतो. फटाके फोडणारे सायलेन्सर बसवून रानात येणाऱ्यांना नक्की काय ऐकायचे असते, कोण जाणे!

कराडला उतरून उंडाळे, शेडगेवाडी या रस्त्याने शिराळा तालुक्यात शिरले की दोन्ही बाजूंना ऊस. वन्यजीवांचा मुलूख संपला असे वाटते आणि इथेच फसायला होते. कराड, वाळवा, शिराळा या पट्ट्यातला ऊस बिबट्याचे घर झाला आहे. बारा-चौदा महिने कोणी आत शिरत नाही, पाटाचे पाणी शेजारी, गावाभोवती भटकी कुत्री भरपूर. नगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या शेतीच्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरमागे पाचच्या आसपास प्रौढ बिबटे, असे त्यात आढळले; त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, हे त्यांच्याच नंतरच्या अभ्यासात दिसले. कृष्णा-वारणेकाठच्या शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटणार नाही.

ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्ले सापडतात. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. पूर्वी लोक ती उचलून आणत, फोटो काढत, आणि पिसाळलेली मादी रात्रभर गावाभोवती फिरे. आता बहुतेक ठिकाणी तोड थांबवून वनरक्षकाला फोन जातो. पिल्ले जिथे सापडली तिथेच, टोमॅटोच्या प्लास्टिक कॅरेटमध्ये ठेवतात, बाजूला कॅमेरा लावतात आणि सगळी माणसे लांब जातात. अंधार पडल्यावर मादी येते, कॅरेट पाडते, एकेक पिल्लू मानेला धरून नेते. दोन पिल्ले असतील तर दोन खेपा. दुसऱ्या दिवशी तोड पुन्हा सुरू. या सगळ्या खटाटोपात एक दिवस वाया जातो तो कारखान्याचा नाही, तोडकऱ्यांचा. त्याची भरपाई कोणी देत नाही हेही लिहून ठेवायला हवे.

शेडगेवाडीवरून चरण, आरळा करत रस्ता वारणेच्या काठाने मणदूरला पोचतो. डोंगर दोन्हीकडून जवळ येतात, वाहने कमी होतात, मोबाइलची रेंज जाते. समोर चांदोलीचे धरण, वसंतसागर, ३४ टीएमसी. त्याच्या मागे राष्ट्रीय उद्यान. आणि इथे मोटारसायकलवाल्याची हद्द संपते. व्याघ्र प्रकल्पाच्या आत दुचाकी नेता येत नाही. परवाना काढून, चारचाकीतून, सोबत माणूस घेऊन, ठरलेल्या रस्त्यानेच जायचे. पावसाळ्यात तेही बंद. एकटा आलेला स्वार मग मणदूरला गाडी लावतो आणि दुसऱ्या कोणाच्या जीपमध्ये जागा मागतो. हा नियम अनेकांना जाचक वाटतो. पण ज्याने गवा एकदा जवळून पाहिला आहे त्याला तो पटतो. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, आणि तो बाजूला होत नाही. गाडीवाल्याने व्हायचे असते.

आत झोळंबीचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, आहे. रुंदीव, झोळंबी ही नावे आता नकाशात सड्यांची आणि पाणवठ्यांची म्हणून वाचली जातात; एके काळी ती गावे होती. धरण आणि अभयारण्य अशा दोन कारणांनी इथली माणसे उठली आणि सांगली-कोल्हापूरच्या सपाटीवर वसवली गेली. कोयनेच्या बाजूलाही तेच झाले. पुनर्वसनाचे जमिनीचे प्रश्न घेऊन या लोकांची दुसरी-तिसरी पिढी अजून मोर्चे काढते. त्यांच्या सोडलेल्या घरांच्या जोत्यांभोवती आंबे, फणस तेवढे उभे आहेत आणि शेतांची गवताळ कुरणे झाली आहेत. गवे आणि सांबर चरतात ते तिथेच. इथले रान ‘अस्पर्शित’ आहे असे जाहिरातीत छापतात, त्या जाहिरातदारांना एकदा ही जोती दाखवावीत.

वाघाच्या बाबतीत चांदोलीने बरीच वर्षे चेष्टा सोसली. वाघ नसलेला व्याघ्र प्रकल्प म्हणून. मे २०१८ मध्ये इथे एका नर वाघाचा फोटो मिळाला. दोन वर्षांनी तोच वाघ कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात दिसला, दोनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला. म्हणजे नर येत होते, थांबत नव्हते. मादीच नसेल तर थांबून करायचे काय? मादी आपल्या आईच्या मुलखाजवळ राहते, नराइतकी दूर सहसा जात नाही, त्यामुळे गोवा-कर्नाटकाकडून ती आपणहून येण्याची वाट पाहत बसणे परवडणारे नव्हते. अखेर केंद्राने विदर्भातून आठ वाघ आणण्याला मंजुरी दिली. सेनापतीपाठोपाठ ‘सुभेदार’ आणि ‘बाजी’ हे नर कॅमेऱ्यात आले होतेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातली ‘चंदा’ ही तरुण वाघीण गाडीत घालून महाराष्ट्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आणली गेली. आधी कुंपण घातलेल्या प्रशस्त जागेत ठेवून, इथल्या हवेची आणि शिकारीची ओळख करून देऊन, मग तिला मोकळे सोडण्याची पद्धत वापरली. इथे तिचे नाव ‘तारा’ झाले.

एकट्याने या रस्त्यांवर फिरणाऱ्याने काही पथ्ये पाळलेली बरी, आणि ती कोणत्याही पुस्तकापेक्षा आरळ्याचा पंक्चरवाला चांगली सांगेल. पेट्रोल पाटण, कराड, शिराळा अशा ठिकाणी भरून घ्यायचे. आत गेल्यावर ते बाटलीत, जास्त दराने आणि कधीकधी रॉकेलच्या वासासकट मिळते. क्लचची जादा केबल, प्लगचा पाना, ट्यूबलेस असेल तर पंक्चरचे किट आणि हातपंप. उतारावर न्यूट्रल करायचे नाही. घाट जितक्या गिअरने चढतो तितक्याच गिअरने उतरायचा, नाहीतर खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून ढिले पडतात. आज कुठे मुक्काम, उद्या कुठल्या रस्त्याने, हे घरी आणि निघताना हॉटेलवाल्याला सांगून ठेवायचे, कारण रेंज नसलेल्या वळणावर घसरलेला माणूस कोणी शोधायला निघाले तरच सापडतो. आणि सूर्य मावळला की थांबायचे. अस्वल, गवा, रानडुक्कर यांची रहदारी तेव्हा सुरू होते. रस्त्यात गवे दिसले तर लांबच थांबावे, हॉर्न देऊ नये, हेडलाइट त्यांच्या तोंडावर मारू नये; कळपातला शेवटचा गेला असे वाटल्यावरही आणखी थोडे थांबावे, कारण मागे एखादे वासरू राहिलेले असते आणि त्याच्यासाठी आई परत फिरते.

शिराळ्याला नागपंचमीच्या आसपास पोचणाऱ्याला आणखी एक गोष्ट कळते. बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पंचमी देशभर गाजलेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली नाग पकडणे, खेळवणे, मिरवणे गुन्हा ठरते, आणि न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांची मिरवणूक थांबली. २०२५ च्या पंचमीआधी केंद्राने २१ जणांना लोकांच्या माहितीसाठी नाग पकडण्याची परवानगी दिली, मिरवण्याची नाही. गावात यावर दोन मते आहेत असे म्हणणे फारच सौम्य होईल.

पेठ नाका ओलांडून, ताकारीजवळ कृष्णा ओलांडून सागरेश्वर. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे चांदोलीच्या एका कोपऱ्यात हरवेल एवढे. पण या फेऱ्यात सगळ्यात जास्त वेळ द्यावा असे हेच ठिकाण, कारण इथले जंगल माणसाने केलेले आहे. मोहित्यांच्या वडगावचे धो. म. मोहिते यांनी सत्तरच्या दशकात या बोडक्या डोंगरावर झाडे लावायला सुरुवात केली. लोक त्यांना वृक्षमित्र म्हणू लागले. बारमाही पाणी नाही, पाऊस बेताचा, खाली उसाचा आणि द्राक्षांचा मुलूख. गावोगावचे लोक जोडत, वनखात्याच्या मागे लागत, हरणे आणवत त्यांनी हे उभे केले आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. आज तिथे चितळ, सांबर, काळवीट आहेत. पायथ्याला सागरेश्वराच्या प्राचीन मंदिरांचा समूह, वरच्या किर्लोस्कर पॉइंटवरून कृष्णेचे खोरे नकाशासारखे खाली पसरलेले, आणि शेजारी देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. मोहित्यांचे वडगाव २०२२ मध्ये वेगळ्याच कारणाने बातम्यांत आले. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि गाव दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवते. एक झाड लावणारा माणूस आणि एक भोंगा, गावाला चांगली सवय लागलेली दिसते.

सागरेश्वरमध्ये मोठे शिकारी प्राणी नसल्याने हरणे वाढली. रान अपुरे पडले आणि कुंपणाबाहेर शेतात शिरू लागली. कडेगाव-पलूसचा शेतकरी त्यांच्यावर रागावला तर चूक त्याची नाही. तिकडे चांदोलीत उलट अडचण होती : वाघ टिकवायचे तर त्यांना खायला पुरेशी हरणे नाहीत. मग सागरेश्वरची चितळे टप्प्याटप्प्याने चांदोलीत नेऊन सोडण्याचा मार्ग निघाला. चितळ हाताने पकडले तर भीतीनेच मरते. म्हणून ओळखीच्या चराऊ जागेभोवती हिरव्या कापडाचे नरसाळ्यासारखे कुंपण उभारून, काही दिवस चारा ठेवून सवय लावून, कळप आपणहून अरुंद तोंडाकडे आणि तिथून थेट ट्रकात चढेल असे करतात. आफ्रिकेत रुळलेली ही बोमा पद्धत. वृक्षमित्रांनी बोडक्या डोंगरावर जगवलेल्या हरणांची नातवंडे आता सेनापती आणि तारा यांच्या मुलखात चरतात, आणि कशासाठी चरतात हे सांगायला नको.

विट्यावरून पुढे मायणी. इथवर आल्यावर झाडे विरळ झालेली, माळ पिवळा, ओढे कोरडे. ब्रिटिश काळात बांधलेल्या तलावावर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात आणि पाणी बरे असेल त्या वर्षी रोहितही (फ्लेमिंगो) येतात. पाणी खूप वाढले तर ते येत नाहीत, कारण त्यांना उथळ चिखल लागतो. आटले तरी येत नाहीत. खटाव-माणमध्ये आता उरमोडीचे पाणी कालव्याने येते, शेतकऱ्याच्या दृष्टीने ते वरदान, पण तलाव-तळ्यांची पातळी त्यामुळे बदलते आणि रोहितांचा हिशेब चुकतो. त्यांना पाहायचे असेल तर डिसेंबर-जानेवारीत, उजाडताना जावे आणि आदल्या दिवशी गावात विचारून घ्यावे. मायणीच्या स्टँडवरच्या कोणत्याही चहावाल्याला पक्षी आलेत की नाही हे ठाऊक असते. तिथून वडूज, पुसेगावमार्गे सातारा दुपारच्या जेवणाला गाठता येते, मात्र वाटेत डुकरांच्या भीतीने रात्रभर जागलेले राखणदार सकाळी रस्त्यालगतच्या झाडाखाली झोपलेले असतात, तेवढे बघून हॉर्न वाजवावा.